“जाशील कोठे?”



भिवंडी शहरात वऱ्हाळदेवीच्या तलावाकाठी कामतघर म्हणून एक वस्ती आहे. एके काळी ते आपल्या गावांसारखेच गाव होते. आज ते भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेच्या हद्दीत आहे, आणि त्याच्या सभोवार यंत्रमागांची खडखड रात्रंदिवस चाललेली असते. तेलंगण, उत्तर प्रदेश, कोकण आणि देशावरील खेडी ह्यांतून पोटासाठी आलेली कुटुंबे तेथे चाळींच्या एकेका खोलीत भाड्याने राहतात. पुरुष मागावर पाळी करतो; बाई कांड्या भरते, नाही तर गोदामात मालाची बांधाबांध करते. आपल्या खेड्यांतील मुलीही लग्न होऊन अशाच वस्त्यांत नांदावयास जातात. म्हणून कामतघरची गोष्ट ती आपल्या घरची गोष्ट असे समजून पुढील मजकूर वाचावा, अशी विनंती आहे.

एक चित्र डोळ्यांपुढे आणा. ते कोणा एका बाईचे नव्हे. अशा वस्त्यांत जे घडत असते त्याचे ते चित्र आहे. एका बाईस नवरा मारतो. प्रथम महिन्याकाठी मारीत असे, पुढे आठवड्यास, आणि आता जवळजवळ रोज. एका रात्री तो तिचा हात पिरगाळून मनगट मोडतो. सकाळी तो मागावर गेला असता ती दोन लेकरे आणि एक बोचके घेऊन बाहेर पडते. ती भीक मागत नाही. तिच्यापाशी काम आहे, अनामतीपुरते चार पैसे गाठीला आहेत, आणि महिन्याचे भाडे ती देऊ शकते. तीस पाहिजे केवळ एक खोली.

पहिल्या दारी विचारतात, “नवरा कोठे आहे?” ती खरे सांगते. “मग नको बाई, तो येथे येऊन धिंगाणा घालील.” दुसऱ्या दारी उत्तर मिळते, “एकट्या बाईमाणसाला आम्ही खोली देत नाही.” तिसऱ्या दारी खोली मिळते, परंतु पाचव्या दिवशी नवरा माग काढीत येतो, शिव्या देतो, दारावर दगड मारतो. दुसऱ्या दिवशी घरमालक अनामत परत आणून देतो आणि म्हणतो, “बाई, तुम्ही भल्या आहात, तुमच्याविषयी आमची तक्रार नाही, पण आमच्या चाळीत असला तमाशा नको.” सायंकाळी ती लेकरांना घेऊन नवऱ्याच्या दारी परत येते. तो दारात उभा राहून हसतो, आणि जे तो तीस प्रत्येक वेळी मारल्यावर म्हणत असे तेच पुन्हा म्हणतो : “जाशील कोठे?”

आता प्रश्न असा की, ह्या कथेत अपराधी किती? नवरा तर आहेच. त्याविषयी वाद नाही. परंतु ज्या तिघांनी तीस खोली दिली नाही, अगर देऊन काढून घेतली, त्यांजकडे काही दोष येतो की नाही? ते म्हणतील, “आम्ही तिला बोटही लावले नाही. आमची खोली आम्ही कोणाला द्यावी हा आमचा अधिकार आहे.” हे म्हणणे वरवर पाहता अगदी सरळ दिसते, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ते कधी ना कधी मनात म्हटलेही असेल. ते खरे आहे काय, एवढ्याच प्रश्नाचा आज विचार करू.

प्रथम हे ध्यानात आणावे की, आपल्या महाराष्ट्रात ज्यांनी दुःखी स्त्रियांचा कैवार घेतला, त्यांनी उपदेशाबरोबर आपले दारही उघडले. विधवेचे पाऊल चुकले अगर तिजवर बळजोरी झाली, म्हणजे तीस सासर नाही आणि माहेर नाही. विहीर तेवढी उघडी, अशी स्थिती असता १८६३ साली पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन स्थापिले. ते पुढच्याच वर्षी पुण्यास गेले, आणि त्यानंतर केडगावी मुक्तिसदन उभे राहिले. ‘सदन’ ह्या शब्दाचा अर्थच मुळी घर. विधवेस विद्या द्यावयाची तर आधी तीस निजावयास निर्भय जागा पाहिजे, हे त्या बाईंनी ओळखले होते. ज्याला रात्र कोठे काढावी हे ठाऊक नाही, त्याला उद्याचा विचार करता येत नाही.

दुसरी गोष्ट रखमाबाईंची. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या ह्या मुलीने, जाणती झाल्यावर, दादाजी भिकाजी ह्या नवऱ्याच्या घरी जाण्याचे नाकारले. १८८४ साली नवऱ्याने मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८५ साली निकाल तिच्या बाजूने झाला, परंतु तो अपिलात टिकला नाही. आणि मार्च १८८७ मध्ये कोर्टाने हुकूम केला की, नवऱ्याच्या घरी जा, नाही तर सहा महिने तुरुंगात राहा. तिने उत्तर दिले की, तुरुंग पत्करीन. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरत व राजकोट येथे कैक वर्षे रुग्णांची सेवा केली. रखमाबाईंच्या धैर्याची वाखाणणी सर्वच करतात. परंतु त्या धैर्याच्या पाठीशी काय होते हे थोडे पाहतात. त्यांच्या पाठीशी माहेरचे घर होते. त्या ‘नाही’ म्हणू शकल्या, कारण ‘नाही’ म्हटल्यावर उभे राहावयास त्यांस जागा होती. कामतघरच्या आपल्या बाईचे धैर्य रखमाबाईंहून कमी नाही. तिला उणे आहे ते केवळ त्या जागेचे.

आता कायद्याकडे वळू. कारण पुष्कळांस वाटते की, हे काम सरकारचे आहे आणि सरकार ते करीलच. सरकारने केले ते थोडे नव्हे. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, ज्या घरात बाई नवऱ्याबरोबर नांदते, ते घर कोणाच्याही नावावर असो, तेथे राहण्याचा तीस हक्क आहे. घर मालकीचे असो की भाड्याचे, दोहोंस हे लागू आहे. १९ व्या कलमाप्रमाणे न्यायदंडाधिकारी नवऱ्यास सांगू शकतो की, हिला घराबाहेर काढू नको. इतकेच नव्हे तर, तूच घराबाहेर हो. अथवा हिला तशाच तोलाची दुसरी जागा घेऊन दे आणि तिचे भाडे भर. हे शेवटचे वाक्य भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे.

ह्या हक्काची वाट सरळ नव्हती. १५ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात ठरविले की, घर सासूच्या मालकीचे असल्यास सुनेस त्यात राहण्याचा हक्क सांगता येत नाही. त्यामुळे कित्येक ठिकाणी ‘घर आईचे आहे’ एवढे म्हणून सुनेस बाहेर काढण्याची सोय झाली. चौदा वर्षांनी, १५ ऑक्टोबर २०२० रोजी, त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी तो अर्थ चुकीचा ठरविला, आणि घर सासूसासऱ्यांच्या नावावर असले तरी ते तिचे नांदते घर असू शकते असे सांगितले.

ख्रिस्ती स्त्रियांस तर ह्याहूनही अधिक काळ वाट पाहावी लागली. १८६९ च्या घटस्फोटाच्या कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखविला की पुरे. परंतु बायकोला नवऱ्याची मारहाण दाखवून भागत नसे, तिजबरोबर त्याचा व्यभिचारही सिद्ध करावा लागे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने नुसते हाड मोडणे पुरेसे नव्हते! १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने ही विषमता घटनेविरुद्ध ठरविली, आणि २००१ साली संसदेने कायदाच बदलून नुसती क्रूरता हेही पुरेसे कारण मानले. विवाह मोडावा असे सांगण्यासाठी हे लिहिले नाही. मार खाणे हा पत्नीधर्माचा भाग आहे, ही समजूत देशाच्या कायद्यानेही टाकून दिली आहे, एवढेच दाखवावयाचे आहे.

परंतु वाचकहो, येथेच नीट पाहावे. हा सर्व कायदा बाईला कोणाविरुद्ध हक्क देतो? नवऱ्याविरुद्ध आणि त्याच्या नातलगांविरुद्ध. तो तीस नवऱ्याच्या घराचे दार उघडून देऊ शकतो. शेजाऱ्याचे दार उघडून देऊ शकत नाही. नवरा मारतो म्हणून बाहेर पडलेल्या बाईस अमक्याने खोली नाकारू नये, असे ह्या कायद्यात कोठेही लिहिलेले नाही. घरमालकाने ‘नाही’ म्हटले तर त्या कायद्याने त्यास कोणी काही विचारणार नाही. अकरा महिन्यांचा करार संपला आणि त्याने तो पुढे चालविला नाही, तरी कोणी त्यास दोष लावणार नाही. जेथे कायदा थांबतो तेथे मनुष्याच्या विवेकबुद्धीचे काम सुरू होते. म्हणून हा प्रश्न वकिलांचा नसून आपला आहे.

हे संकट केवळ आपल्या देशातले आहे असेही नव्हे. अमेरिकेत ऑरेगॉन प्रांती १९९९ साली एका बाईस तिच्या नवऱ्याने तिच्याच भाड्याच्या घरात मारले. तिने कोर्टातून त्याच्याविरुद्ध मनाईहुकूम आणला आणि तो घरमालकाच्या माणसांस दाखविला. तेव्हा त्यांनी काय केले? ‘आमच्या इमारतीत कोणी दंगा केला तर त्या घरच्या सर्वांस आम्ही काढतो’ असे सांगून तिलाच घर सोडण्याची नोटीस दिली. नियम सर्वांस सारखा, असे त्यांस वाटले. परंतु सरकारच्या गृहनिर्माण खात्याने चौकशी करून ठरविले की, असा नियम वरून सारखा दिसला तरी त्याचा भार स्त्रियांवरच पडतो, सबब तो पक्षपाती आहे. पुढे २००५ साली संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने तेथे असे ठरले की, सरकारी मदतीच्या घरांतून कोणा भाडेकरूस केवळ तो अशा मारहाणीला बळी पडला म्हणून काढता येणार नाही. आपल्याकडे असा कायदा व्हावा हे इष्टच आहे. परंतु तो होईपर्यंत त्या तत्त्वाने वागण्यास आपणांस कोणी मना केलेले नाही.

आता घरमालकाच्या म्हणण्याचा एकेक करून विचार करू. त्याचे भय खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. तोही पोटासाठीच दोन खोल्या बांधून बसलेला असतो, आणि त्याच्याही घरी मुलीबाळी असतात.

तो म्हणतो, “घर माझे आहे.” खरे आहे, परंतु ज्याने ‘खोली भाड्याने देणे आहे’ असे सांगितले, त्याने ते दार लोकांसाठी उघडले. भाडे देण्याची ऐपत नाही, खोलीची नासधूस करील, शेजाऱ्यांस त्रास देईल, अशा कारणाने कोणास नाकारणे हे त्या मनुष्याच्या स्वतःच्या वागणुकीवरून केलेले नाकारणे होय. परंतु ह्या बाईस आपण कशावरून नाकारतो? तिच्या वागणुकीवरून नव्हे. दुसऱ्याने तिजवर केलेल्या अपराधावरून. चोरी झालेल्या घरच्या माणसास ‘तुझ्याकडे चोर येतात’ म्हणून गावाबाहेर घालविले, तर त्यास कोणी न्याय म्हणेल काय? एकाच्या अपराधाची शिक्षा दुसऱ्यास देण्याचा अधिकार घराच्या मालकीत येत नाही.

तो म्हणतो, “चाळीत शांतता राहिली पाहिजे.” शांतता राहिलीच पाहिजे, परंतु ती कोण मोडतो? जो दगड मारतो तो, की जिच्या दारावर दगड बसतो ती? आपण बोलताना म्हणतो, ‘त्या नवराबायकोचे भांडण आहे.’ ह्या एका शब्दात मोठा अन्याय दडलेला आहे. भांडण दोघांचे असते. मार एकाचा असतो आणि दुसऱ्यास बसतो. दोघांना सारखे लेखणे हा समतोलपणा नव्हे. मारणारा आणि मार खाणारी ह्यांच्या बरोबर मध्ये उभे राहिले, तर आपण मध्यावर नसतो. बलवानाच्या बाजूस असतो. आणि मार खाणारीस बाहेर घालवून जी शांतता मिळते, ती शांतता नव्हे. तो केवळ आपल्या कानांपासून दूर गेलेला आक्रोश होय.

ह्याविषयी शास्त्यांच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातील भयंकर वृत्तान्त आपल्या वाचकांस ठाऊक असेल. गिबा गावी दुष्टांनी घराला वेढा घातला. तेव्हा आतल्या पुरुषांनी आपला बचाव करण्यासाठी एका बाईस दाराबाहेर लोटले. उजाडले तेव्हा ती दाराशी पडलेली होती आणि तिचे हात उंबरठ्यावर होते. अत्याचार बाहेरच्यांनी केला; दार आतल्यांनी बंद केले. ती कथा सांगणाराने आतल्यांस निर्दोष म्हटलेले नाही. उलट त्याच शास्त्रात, नकळत मनुष्यवध झालेल्या माणसासाठीही आश्रयाची सहा नगरे राखून ठेवण्याची आज्ञा आहे. हातून वध घडलेल्यास दार, आणि हात मोडलेलीस दार नाही, हे कसे शोभेल?

तो म्हणतो, “एकटी बाई ठेवली तर लोक नावे ठेवतील.” लोक नावे ठेवतात हे खरे. परंतु ह्या बाईच्या अंगावरील वळ हे तिच्या शीलाचे डाग नव्हेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९ ते २०२१ ह्या काळात असे आढळले की, आपल्या देशातील १८ ते ४९ वर्षे वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी शंभरात सुमारे २९ जणींनी नवऱ्याचा मार अथवा बळजोरी सोसलेली आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण शंभरात सुमारे २५ आहे. आणि ज्यांनी सोसले त्यांपैकी मदत मागितली ती शंभरात सुमारे चौदा जणींनीच. म्हणजे आपल्या चाळीत, आपल्या आळीत, आपल्या उपासनेच्या बाकांवर अशा बाया आजच बसलेल्या आहेत. केवळ त्या बोलत नाहीत. जी बोलली तिला आपण दोष देतो, हे पाहून उरलेल्या अधिकच गप्प बसतात.

तो म्हणतो, “नवरा येऊन मलाच मारील.” हे भय सर्वांत खरे, आणि ह्याचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाता येत नाही. वर सांगितलेल्या कायद्याच्या १८ व्या कलमात अशी तरतूद आहे की, बाईस मदत करणाऱ्या कोणाही मनुष्यास नवऱ्याने इजा करू नये, असा हुकूमही न्यायदंडाधिकारी देऊ शकतो. तो हुकूम मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, अगर वीस हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होतात, आणि पोलिसांस वॉरंटावाचून अटक करता येते. चवथ्या कलमाप्रमाणे कोणीही मनुष्य अशा मारहाणीची खबर संरक्षण अधिकाऱ्यास देऊ शकतो, आणि ती खबर चांगल्या हेतूने दिली असता त्याबद्दल त्याजवर कोणताही दावा चालत नाही. घरमालकाने आपल्या भाडेकरणीस अर्जाच्या वेळी एवढी आठवण करून द्यावी की, हुकुमात हे कलमही मागून घे.

परंतु कायद्याचा हुकूम हा कागद आहे, आणि दगड रात्री येतो. म्हणून खरे उत्तर हे की, एका घरमालकाने हा भार एकट्याने वाहू नये. येथे आमच्या विषयाचा गाभा आहे. एकट्या मनुष्याने दार उघडले तर त्याचे भय मोठे असते. दहा घरांनी मिळून उघडले तर ते दहावा हिस्सा राहते. नवरा एका म्हाताऱ्या घरमालकास धमकावील. परंतु जेव्हा तो पाहील की, हाक मारताच आळीतील आठ दारे उघडतात आणि सोळा माणसे मुकाट्याने येऊन उभी राहतात, तेव्हा त्याचे अवसान गळेल. जो घरी दुबळ्यावर हात टाकतो तो चारचौघांसमोर फारसा शूर नसतो, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

ह्याच्या उलट बाजूही पाहा. प्रत्येक घरमालक म्हणतो, “मी एकट्याने नाही म्हटले तर काय बिघडले? दुसरे कोणी देईल.” एक बंद दार ही क्षुल्लक गोष्ट आहे, परंतु चाळीस बंद दारे ओळीने उभी राहिली म्हणजे ती भिंत होते, आणि त्या भिंतीच्या आत ती बाई आणि तिला मारणारा असे दोघेच उरतात. नवऱ्याचे बळ त्याच्या मनगटात असते असे आपणांस वाटते. नाही, त्याचे बळ ह्या भिंतीत असते. तो जेव्हा “जाशील कोठे?” म्हणतो, तेव्हा तो आपल्या भरवशावर म्हणतो. कामतघरची चाळीस दारे आपल्या वतीने ‘कोठेही नाही’ असे उत्तर देतील, हे त्यास पक्के ठाऊक असते. बोट न लावणारा घरमालक ह्या अर्थाने त्या मारहाणीत भागीदार होतो. त्याने हात उगारला नाही. परंतु उगारलेल्या हातास जामीन तो राहिला.

आता उपदेशक आणि पाळक बंधूंस दोन शब्द. अशी बाई पुष्कळदा प्रथम तुमच्या दारी येते. त्या वेळी तुमच्या तोंडी सहज शब्द येतो, “बाई, परत जा, समेट करा, सहन करा.” समेट हा चांगलाच; परंतु समेटाची पहिली पायरी पश्चात्ताप ही आहे, आणि पश्चात्ताप मारणाऱ्याने करावयाचा असतो. तो झाला की नाही हे पाहण्यापूर्वीच तिला परत पाठविणे म्हणजे जखम न धुता तिजवर पट्टी बांधणे होय. ज्याने क्षमा मागितली आहे, दारू टाकली आहे, आणि चार माणसांच्या नजरेखाली काही महिने नीट वागून दाखविले आहे, त्याच्याशी समेटाचे बोलणे करावे. तोपर्यंत तिने निर्भय ठिकाणी राहावे, आणि ते ठिकाण शोधून देणे हे तुमच्या सेवेचेच काम आहे.

मंडळीने काय करावे हे थोडक्यात सांगतो. प्रत्येक गावी दोनतीन घरे तरी अशी ठरलेली असावी की, रात्री अपरात्री बाई लेकरांसह आली तर काही न विचारता दार उघडावे. विचारपूस सकाळी करावी. तिचा नवा पत्ता कोणासही, विशेषतः नवऱ्याच्या भावाबंदांस, सांगू नये. ‘सहज बोलता बोलता’ सांगितलेल्या पत्त्यावर पुष्कळ वेळा संकट चालून येते. अनामतीची रक्कम तिजपाशी नसेल तर मंडळीच्या वर्गणीतून उसनी द्यावी, आणि दोघा वडिलांनी घरमालकास भाड्याची हमी द्यावी. एकटा घरमालक जो धोका पत्करीत नाही तो वाटून घेतला म्हणजे पत्करतो. आणि जो घरमालक आहे त्यास सांगणे एवढेच की, दोघांपैकी एकाने जावयाचे असेल तर मारणाराने जावे. करार नवऱ्याच्या नावावर असेल तर मुदत संपताच तो बाईच्या नावाने करून द्यावा. न्यायदंडाधिकारी नवऱ्यास भाडे भरण्याचा हुकूम देऊ शकतो, तेव्हा भाडे बुडेलच असे नाही.

गावी ज्यांची स्वतःची घरे आहेत त्यांनी ती नवराबायको दोघांच्या नावावर करावी. ग्रामपंचायतीच्या दप्तरी घराची नोंद पतिपत्नींच्या जोड नावाने करण्याची सोय महाराष्ट्रात आहे, आणि पंतप्रधान आवास योजनेतील घरे तर बाईच्या अथवा दोघांच्या नावाने देण्याचाच प्रघात आहे. लग्नात मुलीस भांडी आणि दागिने देतो, त्यापेक्षा उताऱ्यावरचे तिचे नाव तिच्या अधिक उपयोगी पडेल.

सरकारी मदतीची माहितीही प्रत्येक उपदेशकाने लिहून ठेवावी. स्त्रियांसाठी १८१ आणि तातडीच्या संकटासाठी ११२ हे फोनचे क्रमांक आहेत. प्रत्येक स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. त्याचा क्रमांक १५१०० हा आहे. महिला व बालविकास खात्याचा संरक्षण अधिकारी तिचा अर्ज लिहून घेऊन कोर्टापुढे ठेवतो. अर्जाची पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांच्या आत असावी आणि साठ दिवसांत निकाल करण्याचा यत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. व्यवहारात वेळ अधिक लागतो. म्हणूनच मधले दिवस काढावयास आपल्या घरांची गरज आहे.

कोणी म्हणेल, एवढे करूनही ती परत गेली तर? जाईलही. पुष्कळजणी जातात, लेकरांसाठी जातात, आशेने जातात, भयाने जातात. त्यावरून रागावू नये, आणि ‘एकदा मदत केली, आता पुन्हा येऊ नको’ असे कधीही म्हणू नये. ती सातव्या वेळी आली तरी दार पहिल्या वेळेसारखेच उघडावे. कारण आपले दार उघडे आहे एवढे तीस ठाऊक असले, तरी ती त्या घरात असतानाही तेवढी एकटी राहात नाही. आणि नवऱ्यासही ते ठाऊक असले म्हणजे हात उगारताना तो एकदा विचार करतो.

आज रात्री कोठल्या तरी खोलीत तो प्रश्न पुन्हा विचारला जाईल. मागांच्या खडखडीत तो आपणांस ऐकू येणार नाही. आपल्या शांत खेड्यातही तो भिंतीआड विचारला जातो. प्रश्न विचारणारा उत्तराची अपेक्षा करीत नाही, कारण त्याच्या मते उत्तरच नाही. वाचकहो, ते उत्तर देणे त्या बाईच्या हाती नाही. ते आपल्या हाती आहे. “जाशील कोठे?” असे तो म्हणताच तिच्या मनात एका घराचे नाव उभे राहावे. ते नाव आपल्या घराचे असावे.